फ्रेंच क्रियारूपांची अक्षरे आणि आघात

प्रश्न : ‘पार्ले’ (बोलणे) या फ्रेंच क्रियापदाच्या वर्तमानकाळी रूपांची अक्षरे कशी पाडावीत आणि आघात कोणत्या अक्षरावर द्यावा?

उत्तर : अक्षरे लेखनावरून न पाडता कानाने मोजावीत. ‘तो बोलतो’ आणि ‘ते बोलतात’ या अर्थांची रूपे वेगळी लिहिली जातात, अनेकवचनाच्या अखेरीस तर तीन वर्णांचा प्रत्यय असतो. तरीही दोन्हींचा उच्चार ‘ईल पार्ल’ असाच होतो आणि क्रियापदाचे अक्षर एकच राहते. ‘नू पार-लों’ (आम्ही बोलतो) यात मात्र दोन अक्षरे होतात. ‘पार्ल’च्या अखेरीस लिहिलेला स्वर उच्चारात गळतो; मराठीत ‘करतो’ लिहून आपण ‘कर्-तो’ म्हणतो, तसाच हा लोप आहे. छंदोबद्ध फ्रेंच कवितेत, ओळीच्या मध्ये पुढे व्यंजन आल्यास, हा लुप्त स्वर मोजला जातो, आणि दक्षिण फ्रान्समध्ये अनेकांच्या रोजच्या बोलण्यातही तो ऐकू येतो.

आघाताविषयी माझे स्पष्ट मत असे, की तो क्रियारूपाला चिकटवून पाठ करूच नये, कारण तो उच्चारगटाच्या, म्हणजे एका दमात सलग म्हटल्या जाणाऱ्या शब्दांच्या गटाच्या, शेवटच्या अक्षरावर पडतो. ‘ईल पार्ल’ येथे तो ‘पार्ल’वर आहे, ‘ईल पार्ल फ्राँसे’ (तो फ्रेंच बोलतो) म्हणताच तो ‘से’वर सरकतो, आणि ‘ईल न पार्ल पा’ (तो बोलत नाही) या नकारात ‘पा’वर जातो. अक्षरांच्या सीमाही शब्दांच्या सीमा पाळत नाहीत : ‘ईल आरीव्ह’ (तो येऊन पोहोचतो) याची फोड ‘ई-ला-रीव्ह’ अशी होते.

उपप्रश्न : मग ‘ईल द्वा’ (त्याला करावे लागते) आणि ‘नू द-वों’ (आम्हाला करावे लागते) यांत धातूचा स्वर का बदलतो?

उत्तर : तो जुन्या आघाताचा परिणाम आहे. फ्रेंच जिच्यातून आली त्या लॅटिनमध्ये ‘देबेत्’ या एकवचनी रूपात आघात पहिल्या अक्षरावर होता, तर ‘देबेमुस्’ या अनेकवचनी रूपात तो दुसऱ्यावर होता. आघात असलेला स्वर बदलत ‘द्वा’पर्यंत आला, आघात नसलेला क्षीण होऊन ‘द-वों’मध्ये राहिला. ‘ईल व्यँ’ (तो येतो) आणि ‘नू व-नों’ (आम्ही येतो) ही जोडीही अशीच घडली. ‘प्रेम करणे’ या क्रियापदात मात्र भाषेने हा भेद पुसून टाकला : जुन्या फ्रेंचमध्ये ‘आम्ही प्रेम करतो’ यासाठी ‘आ-मों’ असे रूप होते, ते एकवचनाच्या ‘एम’ला अनुसरून ‘ए-मों’ झाले.