गोळ्या घेतल्या तर साक्ष खोटी पडते का?

नगरची लेक
सगळ्यांना प्रभूमध्ये सलाम. आईबद्दल विचारायचंय. तिला 11 वर्षांपासून शुगर आहे. मागच्या वर्षी मुतखडा झाला, ऑपरेशनची तारीख पण मिळालेली, चर्चच्या मंडळीने तीन दिवस उपास-प्रार्थना केली आणि खडा आपोआप पडला, तिने चर्चमध्ये उभं राहून साक्ष दिली, म्हणजे देवाने काय केलं ते सगळ्यांसमोर सांगितलं, सगळे रडले, मी पण. आता महिन्यापूर्वी बाहेरगावचे एक सेवक (प्रचारक) चर्चमध्ये संदेश द्यायला आले आणि म्हणाले विश्वास असेल तर गोळ्या फेकून द्या. आईने घरी येऊन अख्खी स्ट्रिप कचऱ्यात टाकली. मी ओरडले तर म्हणते, आता गोळी घेतली तर माझी साक्ष खोटी पडेल. काल तिच्या अंगठ्याला जखम दिसली, चप्पल लागलेली, आठ दिवस झाले तरी ओलीच आहे. तिला अडवते म्हणून माझा विश्वास कमी आहे का?

जालनाकर
ताई, आधी पाय डॉक्टरांना दाखवा, आजच, बायबलच्या वचनांचं नंतर बघू. आणि ते सेवक जे बोलले ना तसंच सैतान पण बोलला होता, येशूला मंदिराच्या टोकावर उभं करून, वर 91 वं स्तोत्र पाठ म्हणून दाखवलं, की उडी टाक, दूत तुला झेलतील. वचन खरंच होतं. तरी येशूने उडी मारली नाही, म्हणाला देवाची परीक्षा पाहायची नाही. बायबलमधला मत्तय 4 आईंना वाचून दाखवा.

संडेस्कूल टीचर
मला आईंचा राग येत नाही, त्यांनी देवाचं काम डोळ्यांनी बघितलंय. पण एकदा देवाने केलं म्हणजे दरवेळी तसंच करेल, हे आपण ठरवायचं नाही. दावीदाचं बघा, 2 शमुवेल 5. त्याचे शत्रू पलिष्टी रेफाईमच्या खोऱ्यात आले, त्याने देवाला विचारलं लढायला जाऊ का, देव म्हणाला जा, जिंकला. तेच पलिष्टी परत त्याच खोऱ्यात आले. मी असतो तर सरळ तलवार काढून निघालो असतो, गेल्या वेळी देव होताच की बरोबर. दावीदाने मात्र परत विचारलं, आणि या वेळी उत्तर वेगळं आलं, समोरून जाऊ नको, मागून वळसा घाल, झाडांच्या शेंड्यांवर पावलांचा आवाज येईपर्यंत थांब. राजा माणूस, नुकताच जिंकलेला, आणि झाडाखाली कान देऊन उभा. मला तर नम्रता म्हटलं की हेच आठवतं. आईंना एवढंच विचारा, मुतखड्याच्या वेळी तुम्ही देवाला विचारलं होतंत, गोळ्या टाकताना विचारलंत का?

आणि हिज्कीया राजाला तर 15 वर्षं आयुष्य वाढवून देतो असं देवाने स्वतः सांगितलं, तरी यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिराचा लेप लावायला लावलाच. लेप लावला म्हणून वचन खोटं पडलं नाही.

मिरजेची मावशी
बाळा, मी 26 वर्षं नर्स होते. शुगरवाल्यांच्या पायाची संवेदना जाते म्हणून दुखत नाही, दुखत नाही म्हणून लोक बसून राहतात आणि मग बोट काढावं लागतं. गरम पाण्यात पाय बुडवू नको, हळद भरू नको, स्वच्छ कापड बांध आणि ने. आमच्या मिरजेत वानलेस डॉक्टर आले ते मिशनरी म्हणूनच आणि त्यांनी दवाखाना काढला, आपल्या लोकांना औषध आणि प्रार्थना वेगळी कधी वाटलीच नाही, हे आत्ता कुठून आलं कोण जाणे. आणि आईशी भांडू नको गं. तिला भीती गोळीची नाही, चर्चमध्ये लोक काय म्हणतील याची आहे. तुमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना घरी बोलव, त्यांच्या तोंडून ऐकू दे.

नगरची लेक
मावशी, तुमचं वाचलं आणि लगेच रिक्षा केली. शुगर 342 निघाली. जखम साफ केली, डॉक्टर म्हणाले वेळेत आलात, रोज ड्रेसिंग आहे. संध्याकाळी पाळकसाहेब आले, त्यांनी गोळ्यांचा विषयच काढला नाही, फक्त याकोबाचा चौथा अध्याय वाचला, "प्रभूची इच्छा असेल तर" तिथे थांबले आणि तेवढीच ओळ परत वाचली. मग टीचर, तुमचा प्रश्न मी विचारला. आई बराच वेळ पदर बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, नाही विचारलं, टाळ्या पडत होत्या म्हणून टाकल्या.

रात्री गोळी हातावर ठेवली तर म्हणाली, तू प्रार्थना कर, मग घेते. केली. घेतली.