स्लायडर कासवाची मादी खात नाही, मागच्या पायांनी काच खरवडते, पाठीचे पापुद्रे निघताहेत

टिळकवाडी_जलचर:
नमस्कार मंडळी. रेड इअर्ड स्लायडर, मादी, ५ वर्षांची. पाठीची लांबी १७ सेंमी, वजन ८१० ग्रॅम. टाकी काचेची, १२० लिटर. आत स्पंज फिल्टर, बसायला एक दगड, वर १२ वॅटचा साधा एलईडी. हीटर नाही. पाणी नळाचं, पिंपात साठवून घातलेलं. शिवरात्र झाल्यापासून खाणं कमी होत गेलं, आता ८ दिवस पूर्ण बंद. रात्रंदिवस फेऱ्या मारते, कोपऱ्यात जाऊन मागच्या पायांनी काच खरवडते. पाठीवरून पातळ, पारदर्शक पापुद्रे सुटताहेत. दुपारी पाण्याचं तापमान २७ भरतं, म्हणजे थंडीचा प्रश्न नसावा. खोबरेल तेल लावायला एकाने सांगितलंय, अजून लावलेलं नाही. काय करू?

निपाणीचा_हौद:
दुपारचं माप बाजूला ठेवा आणि पहाटे ६ ला थर्मामीटर बघा की. आपल्याकडे बेळगाव भागात फेब्रुवारी-मार्चमध्ये दुपारी ३३-३४ चटका आणि पहाटे १६-१७ गारवा असतो. १२० लिटर पाणी रात्रीत ५-६ अंशांनी सहज उतरतं. कासवाला स्वतःची ऊब नसते, पोटातलं अन्न पचतं ते पाण्याच्या आणि उन्हाच्या उबेवर. दुपारी भरपेट खाल्लं आणि रात्री पाणी २० च्या खाली गेलं की अन्न आतड्यात तसंच पडून राहतं, कुजतं, वायू धरतो. म्हणून आधी ऊब, मग घास. खात नाही म्हणून नवनवीन खाऊ टाकत बसू नका, नुसतं पाणी नासतं.

हीटर लिटरमागे साधारण १ वॅट या हिशेबाने, तुमच्या टाकीला १०० ते १५० वॅटचा, थर्मोस्टॅटवाला घ्या आणि २५ वर लावा. एकदम चढवायचं नाही, दिवसाला २ अंश पुरे. एवढी मादी धडक देऊन हीटरची काच फोडते, त्यामुळे भोकं पाडलेल्या पीव्हीसी पाइपात तो बसवायचा. पाणी काढण्याआधी १५ मिनिटं प्लग बंद. तापलेला हीटर उघडा पडला तर तडकतो, आणि तडकलेला हीटर पाण्यात चालू राहिला तर कासवाच्याच काय, हात घालणाऱ्याच्याही जिवावर बेततं. त्या बोर्डाला ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, हवाच.

बसायच्या जागी ३२ ते ३४ अंश पाहिजेत, नुसता दगड पुरत नाही. ५० वॅटचा हॅलोजन २५-३० सेंमी उंचीवर लावा आणि थर्मामीटर दगडावर ठेवून उंची कमी-जास्त करा. पाणी आणि दगड यांत ७-८ अंशांचा फरक असला तरच ती वर चढून पूर्ण कोरडी होते. साध्या एलईडीतून यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण, मिळत नाही, आणि खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हातूनही जवळपास नाहीच, काच ते अडवते. यूव्हीबी नसेल तर ड-३ जीवनसत्त्व तयार होत नाही, मग कॅल्शियम कितीही घाला, अंगी लागत नाही. यूव्हीबीची नळी वर्षाने बदलायची. उजेड दिसत राहतो, पण उपयोगी किरण संपलेले असतात.

ऊन सगळ्यात चांगलं. सकाळी ७.३० ते ८.३० मध्ये अर्धा तास, प्लॅस्टिकच्या टबात, निम्म्या टबावर सावली धरून. काचेची टाकी उन्हात कधीही ठेवू नका, पाणी बघता बघता ३५ च्या वर जातं आणि कासवाला पळायला जागा नसते. वर जाळी हवी, घारी आणि कावळे टपलेले असतात.

टाकीही लहान आहे. पाठीच्या इंचाला ४० लिटर धरतात, १७ सेंमी म्हणजे जवळपास पावणेसात इंच, २७० लिटर झाले. तोवर आठवड्याला दोनदा पाव टाकी पाणी बदला. नवं पाणी २४ तास उघड्या पिंपात ठेवलेलं आणि टाकीएवढ्याच तापमानाचं असावं. स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळा. नळाच्या क्लोरीनने त्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि दोन दिवसांत अमोनिया चढतो.

खानापूर_डोह:
वरचं सगळं खरं, पण खरवडणं थंडीचं नाही. १७ सेंमीची मादी, या दिवसांत, मागच्या पायांनी उकरते आणि खाणं सोडते, म्हणजे पोटात अंडी असण्याची शक्यता मोठी. नर जवळ नसला तरीही अंडी धरतात. जागा मिळाली नाही तर मादी ती रोखून धरते, आणि तिथून पुढे बिघडतं.

६० बाय ४५ सेंमीचा क्रेट किंवा टब घ्या. धुतलेली वाळू आणि तांबडी माती निम्मी-निम्मी, खोली २० ते २५ सेंमी. मूठ वळली तर गोळा राहिला पाहिजे, पण पाणी गळता कामा नये. कोरडी वाळू ढासळते, खड्डा टिकत नाही, मग मादी उकरायचंच सोडून देते. माती २८ अंशांच्या आसपास राहील असा वर बल्ब धरा. सकाळी २-३ तास तिला त्यात ठेवा आणि खोलीत कुणी जाऊ नका. कुणी बघतंय असं वाटलं की ती अर्धा खणलेला खड्डा सोडते. पहिल्या दिवशी नाही घातली तर रोज ठेवा.

कॅल्शियमसाठी समुद्रफेन, म्हणजे माकूळ या समुद्री जीवाचं आतलं कवच. काष्ठौषधीच्या किंवा पक्ष्यांच्या दुकानात मिळतो. मागची कडक पाठ काढून मऊ भाग पाण्यात तरंगत ठेवा, ती कुरतडते. शेवग्याचा पाला द्या. पालक नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं.

दोन आठवड्यांत अंडी आली नाहीत, मागचे पाय लुळे पडले, ती नुसती कुंथत राहिली किंवा शेपटीखालून मांस बाहेर आलं, तर त्याच दिवशी एक्स-रेची सोय असलेल्या पशुवैद्याकडे जा. बाहेर आलेला भाग ओल्या कापडात ठेवायचा, सुकू द्यायचा नाही. पोट दाबून अंडी काढायची नाहीत. ऑक्सिटोसिन, म्हणजे कळा आणणारं इंजेक्शन, घरी कुणाच्या सांगण्यावरून टोचू नका. अंडं वेडंवाकडं असून अडकलं असेल तर त्या कळांनी आतच फुटतं.

टिळकवाडी_जलचर:
पहाटे बघितलं, १९.५ भरलं. हीटर आणि क्रेट दोन्ही आजच करते. पापुद्र्यांचं आणि तेलाचं काय?

वडगाव_काचपेटी:
ताई, पापुद्रा काचेसारखा पातळ, अखंड, आणि खालची पाठ टणक, बिनवासाची असेल तर ती कात आहे. ऊब वाढली की वाढ सुरू होते आणि जुना थर सुटतो. नखाने ओढू नका, खालचा कच्चा थर उघडा पडतो. तेल अजिबात नको, त्यावर घाण चिकटून बसते आणि पाण्यावर तवंग येतो. पाठ कुठे मऊ लागली, गुलाबी चट्टा दिसला किंवा कुजका वास आला तर मात्र ती सड. मग पोव्हिडोन आयोडीन (जखमेचं जंतुनाशक) फिक्या चहाच्या रंगाएवढं पातळ करून लावा, तासभर कोरडं ठेवा, आणि डॉक्टरांना दाखवा.

नाकाशी बुडबुडे, तोंड उघडून श्वास, किंवा पोहताना एका अंगावर कलणं, हे फुप्फुसाचं दुखणं. या रात्रीच्या गारव्यात तेच जास्त होतं. घरातलं माणसांचं अँटिबायोटिक देऊ नका. आणि एक पक्कं लक्षात ठेवा, कासवाला आयव्हरमेक्टिन चालत नाही. कुत्र्या-गुरांना सर्रास देतात म्हणून कुणी जंताला सुचवलं तर ठाम नाही म्हणा, कासवं त्याने मरतात.

ऊब स्थिर झाल्यावर ३-४ दिवसांनी खाणं सुरू करा. एका वेळी कासवाच्या खाद्याच्या गोळ्या, सगळ्या मिळून तिच्या डोक्याएवढ्या, एक दिवसाआड. मध्ये लाल भोपळा, गाजराचा कीस, शेवगा. नुसती सुकी कोळंबी दिली तर अ जीवनसत्त्व कमी पडतं आणि डोळे सुजतात. भात, चपाती, पाव, दूध बंद. आठवड्याला वजन करा. ८१० वरून ७३० च्या खाली गेलं तर वाट बघू नका.

रंगपंचमीला टाकी झाका. डासांचा स्प्रे त्या खोलीत मारू नका, एअरपंप असेल तर तो खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो.

खानापूर_डोह:
अंडी आली तर उबवत बसू नका, नराची संगत कधीच झाली नसेल तर ती रिकामीच असतात, पिल्लं होत नाहीत. टाकी पुरेना म्हणून कासव किल्ला तलावात किंवा मार्कंडेय नदीत नेऊन सोडू नका. स्लायडर अमेरिकेचा, तो इथल्या कासवांचं अन्न आणि ऊन शेकायच्या जागा बळकावतो. आणि वळिवानंतर शेतात पोटाला झडपा असलेलं किंवा पाठीवर चांदण्या असलेलं कासव सापडलं तर सोबतीला म्हणून घरी आणू नका. ही आपली कासवं, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती पाळायला बंदी आहे. फॉरेस्टवाल्यांना कळवा.

निपाणीचा_हौद:
घरात ५ वर्षांखालचं मूल असेल तर त्याला हात लावू देऊ नका. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला, म्हणजे जुलाब-ताप आणणारा जिवाणू, असू शकतो. टाकीचं पाणी मोरीत ओता, स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये नको, आणि त्यानंतर साबणाने हात. क्रेटमध्ये काय होतंय ते कळवा.