कप्तानाला 12 फटक्यांचीच मुभा होती ना? मग लॉगबुकात 36 कसे?

तारवाला: ब्रिटिश नौदलाचा नियम असा होता की कोर्ट मार्शलशिवाय कप्तानाने एका खलाशाला चाबकाचे 12 पेक्षा जास्त फटके देऊ नयेत. पण 1800 च्या आसपासच्या लॉगबुकांत (जहाजांच्या रोजनिशींत) 24, 36 सर्रास दिसतात. कुणी विचारत नसे का? आणि फटके प्रत्यक्षात देत कसे?

डोलकाठी: नियम 1731 चा. पळवाट सोपी: दारू पिणं हा एक गुन्हा, उलट बोलणं दुसरा, प्रत्येकाचे 12. बरेच कप्तान तेवढीही तसदी घेत नसत, सरळ 24 लिहून मोकळे. ॲडमिरल्टीने (नौदलाच्या मुख्य कचेरीने) काणाडोळा केला आणि 1806 च्या नियमावलीत मर्यादाच गाळून टाकली. 1811 पासून मात्र दर तिमाहीला शिक्षांचा तक्ता पाठवणं सक्तीचं झालं. माझ्या मते कप्तानांना खरा चाप लागला तो या तक्त्याने. कागदावरच्या 12 ला कोण विचारतो!

खारंपाणी: पद्धत अशी. हॅचवरची (डेकमधल्या झरोक्यावरची) लाकडी जाळी उचलून डेकवर उभी करायची, खलाशाला कमरेपर्यंत उघडा करून मनगटं तिला बांधायची. सगळे खलाशी हजर, मरीन शिपाई बंदुका घेऊन उभे, सर्जन बाजूला. कप्तान टोपी काढून युद्धनियमांतलं लागू पडणारं कलम वाचणार, मग बोसनचा (खलाशांच्या मुकादमाचा) मेट, म्हणजे मदतनीस, लाल बनातीच्या पिशवीतून चाबूक काढणार. त्याला सुमारे दोन फूट लांबीच्या नऊ दोऱ्या. रक्ताने त्या एकमेकींना चिकटतात, म्हणून दोन फटक्यांच्या मध्ये मेट त्यांतून बोटं फिरवून सोडवतो. नाहीतर नवांचा एकच जाड दोर होतो आणि मांस सोलून निघतं. दर 12 फटक्यांनी मेट बदलायचा, हात थकून मार हलका पडू नये म्हणून. नवा मेट डावखुरा निघाला तर वळ आडवे-उभे छेदतात, ते फार वाईट.

सुकाणू: लॉगबुकात न येणारा मारही धरा. कामात ढिलाई दिसली की बोसनचे मेट दोराच्या टोकाने किंवा वेताने जागच्या जागी झोडपत. ना चौकशी, ना नोंद. 1809 मध्ये ‘नेरीड’ जहाजाचा कप्तान रॉबर्ट कॉर्बेट याच्यावर क्रूरपणाबद्दल कोर्ट मार्शल झालं. सुटला तो निव्वळ ताशेऱ्यावर, पण ॲडमिरल्टीने त्याच साली ही झोडपणी बंद केली.

तारवाला: आणि चाबूक कधी गेला?

डोलकाठी: एका झटक्यात नाही. 1866 च्या कायद्यात कमाल 48 फटके. 1871 मध्ये शांततेच्या काळापुरती स्थगिती, 1879 मध्ये युद्धकाळातही. अमेरिकी नौदलात तो 1850 मध्येच कायद्याने बंद झाला होता.