मदत हवी आहे: आज्जीच्या ट्रंकेतला फोटो खरा की कॉपी?

मंडळी जरा बघा की. खानापूरच्या जुन्या घरात आज्जीच्या ट्रंकेत जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक पिवळट फोटो गावलाय, तलवार धरून उभी असलेली बाई, मागं नाव नाही काही नाही, आणि काका छातीठोक सांगतायत ही कित्तूरची राणी चन्नम्माच! आता राणी गेली १८२९ ला बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत असताना, फोटो काढायची पद्धत जगासमोर आली १८३९ ला, मग हा फोटो आला कुठनं ओ? (काकांना हे सांगितलं तर दोन दिवस बोलले नाहीत.) पण बाईची नजर अशी हाय की फोटो ठेवून द्यायला मनच होईना. भिंगातनं बारीक ठिपके दिसतात, म्हणजे छापील कॉपी ना? की कुठल्या नाटकातली नटी? पुठ्ठा न उचकटता वय कसं काढायचं, बेळगावात कोण जाणकार असेल तर सांगा.