मदत हवी आहे: सी भाषेत लिहिलेल्या हाऊजीच्या प्रोग्राममध्ये ९० हा आकडा कधीच येत नाही

नमस्कार. मी निवृत्त शिक्षक असून गेल्या चार महिन्यांपासून उबंटूवर जीसीसी हा कंपाइलर (लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत बदलणारे साधन) वापरून सी भाषा शिकत आहे. कोजागिरीला आमच्या सोसायटीत हाऊजी खेळतात. पिशवीतल्या दोन-तीन सोंगट्या हरवल्यामुळे या वर्षी १ ते ९० हे आकडे संगणक पुकारेल, असे मी उत्साहाच्या भरात कबूल करून बसलो आहे.

माझी पद्धत अशी आहे. ‘आला’ नावाचा ९० घरांचा पूर्णांकांचा ॲरे (एकामागोमाग घरांची यादी) घेऊन त्याच्या सर्व घरांत शून्य भरले आहे. लूपमध्ये (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागात) यादृच्छिक संख्या देणाऱ्या रँड फंक्शनकडून मिळालेल्या संख्येला ९० ने भागून जी बाकी उरते, तिच्यात १ मिळवतो. त्या क्रमांकाच्या घरात शून्य असेल तर आकडा छापतो, घरात १ भरतो आणि मोजणी एकने वाढवतो; शून्य नसेल तर पुन्हा नवी संख्या मागतो. मोजणी ९० झाली की लूप संपावा, अशी अपेक्षा आहे.

आधी प्रत्येक वेळी तोच क्रम येत असे. नातवाच्या सांगण्यावरून लूपच्या आत, पहिल्याच ओळीत, रँडची सुरुवात ठरवणाऱ्या एसरँड फंक्शनला सध्याची वेळ दिली. क्रम बदलू लागला, परंतु पूर्वी क्षणार्धात छापले जाणारे आकडे आता सेकंदाला जेमतेम एक या गतीने येतात, पुढे पुढे तर मिनिटभर काहीच येत नाही, आणि सात-आठ मिनिटांनी ८९ आकडे झाल्यावर प्रोग्राम न संपता तसाच चालू राहतो. चारही वेळा राहिलेला आकडा ९० हाच होता, म्हणून हा योगायोग नसावा असे वाटते. माझे कुठे चुकते आहे?

प्रतिसाद १

काका, आपण लक्षणे इतकी नेमकी नोंदवली आहेत की कोड न पाहताही दोन्ही चुका सापडतात.

गती मंदावण्याचे कारण एसरँडची जागा. रँड कोणतीही संख्या हवेतून आणत नाही. सीड म्हणून दिलेल्या आकड्यापासून ठरलेल्या गणिताने पुढची मालिका काढते. सीड दिलाच नाही, तर तो १ आहे असे मानले जाते, म्हणून आपल्याला रोज तोच क्रम दिसत होता. टाइम फंक्शन सेकंदांत मोजते, त्यामुळे लूपच्या प्रत्येक फेरीत सीड दिला की त्या सेकंदातल्या लाखो फेऱ्यांना एकच संख्या मिळते. थोडक्यात, आपल्याला सेकंदाला एकच सोंगटी निघते, आणि आधी निघालेली सोंगटी आपण पिशवीत परत टाकत आहात. अशा रीतीने ९० प्रकार एकदा तरी दिसायला सरासरी सुमारे ४५७ वेळा हात घालावा लागतो. ४५७ सेकंद म्हणजे साडेसात मिनिटे, हे आपल्या घड्याळाशी जुळतेच. एसरँड मेन फंक्शनच्या सुरुवातीला एकदाच लिहावे.

९० चे कोडे अधिक मजेशीर आहे. ९० घरांच्या ॲरेचे इंडेक्स, म्हणजे घरांचे क्रमांक, ० ते ८९ असतात, त्यामुळे आपले ९० क्रमांकाचे घर ॲरेच्या बाहेर आहे. सी भाषा तिथे अडवत नाही आणि काय घडेल याची हमीही देत नाही. आपल्या यंत्रावर बहुधा त्याच जागी मोजणीचे चल बसले आहे. पहिला आकडा निघताच मोजणी शून्य राहत नाही, म्हणून ९० ची पाळी आली की तो ‘आधीच आला आहे’ असे प्रोग्राम समजतो. ॲरे ९१ घरांचा करा. कंपाइल करताना ॲड्रेस सॅनिटायझर (ॲरेबाहेरचा वापर पकडणारी तपासणी) चालू ठेवला असता, तर त्याने नेमकी तीच ओळ दाखवली असती.

प्रतिसाद २

वरील निदान योग्यच आहे, परंतु मुळात आलेला आकडा टाकून पुन्हा मागण्याची पद्धतच मी सोडून देईन. ॲरेमध्ये १ ते ९० ओळीने भरा आणि तो पिसा. इंडेक्स ८९ पासून १ पर्यंत उलट या. प्रत्येक ठिकाणी ० पासून त्या इंडेक्सपर्यंतचे, तो धरून, एक यादृच्छिक घर निवडा आणि दोन घरांतील आकड्यांची अदलाबदल करा. अवघ्या ८९ अदलाबदलींत काम संपते. फिशर आणि येट्स यांनी १९३८ मध्ये कागद-पेन्सिलीसाठी दिलेल्या पद्धतीचे हे संगणकी रूप आहे. प्रत्येक वेळी सगळ्या ९० घरांतून निवड करण्याचा मोह मात्र टाळा. तीनच पत्ते घेतले तर तशा निवडीच्या २७ वाटा होतात, क्रम मात्र ६. २७ ला ६ ने भाग जात नाही, म्हणून काही क्रम जास्त वेळा येणारच.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पिसण्याचे काम वेगळ्या फंक्शनमध्ये घातले आणि त्यातच साइजऑफने (किती बाइट जागा लागते ते सांगणाऱ्या क्रियेने) ॲरेची लांबी काढली. आता कधी १, २ तर कधी २, १ येतात आणि पुढे ३, ४, ५ असे थेट ९० पर्यंत ओळीने. कंपाइलरने एक इशारा दिला होता, पण प्रोग्राम चालला म्हणून मी तिकडे दुर्लक्ष केले.

प्रतिसाद १

तो इशारा याचसाठी होता. फंक्शनला ॲरे दिला की आत फक्त त्याच्या पहिल्या घराचा पत्ता, म्हणजे पॉइंटर, पोहोचतो. आपल्या ६४ बिटच्या यंत्रावर पॉइंटर ८ बाइटचा आणि पूर्णांक ४ बाइटचा, म्हणून लांबी २ निघाली आणि दोनच आकडे पिसले गेले. लांबी हा दुसरा पॅरामीटर म्हणून बाहेरून द्या.

आणखी एक: वापरलेला सीड सुरुवातीलाच छापून कागदावर लिहून ठेवा. खेळ रंगात असताना वीज गेली, तर त्याच लॅपटॉपवर तोच सीड देऊन तोच क्रम परत मिळेल, आणि फुल हाउसवरून वाद झाला तरी पुकारलेले आकडे पडताळता येतील.

प्रश्नकर्ता

लांबी बाहेरून दिली, नव्वदही आकडे आले. आज तीनदा चालवून पाहिले; एकदा तर ९० पहिलाच निघाला.