दहावीतल्या पोराला सरळ विचारू का?

मानेवाड्याची शिकवणीवाली:
माझ्याकडे दहावीची 11 पोरं गणिताला येतात. त्यातला एक 15 वर्षांचा पोरगा दोन आठवड्यांपासून नुसती वही उघडून बसून राहतो. परवा त्यानं आपली नवी बॅट दुसऱ्या पोराला देऊन टाकली. काल फीचं काढलं तर म्हणे, "पुढच्या महिन्याची नका घेऊ मॅडम, मी राहीन की नाही." सगळे हसले. मला हसू आलं नाही. सरळ विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल का? घरी सांगावं तर बाप भारी तापट.

महालकर:
या वयात नाटकं असतात. मोबाईल काढून घ्यायला सांगा.

रिटायर सिस्टर:
मोबाईलचं मागाहून पाहू, भाऊ. मॅडम, मी मनोविकार वॉर्डात बरीच वर्षं ड्यूटी केली. विचारल्यानं विचार शिरत नाही, उलट पोरं मोकळी होतात. आजच शिकवणी सुटल्यावर त्याला एकट्याला थांबवा. "तू असं काही करणार नाहीस ना?" असं नका विचारू, त्याला "नाही"च म्हणावं लागतं. "जीव द्यावासा वाटतो का?" हेच शब्द वापरा. हो म्हणाला तर कसं, कधी ते ठरवलंय का, आधी कधी प्रयत्न केला का, हेही विचारा. आत्महत्येचा धोका तपासायची कोलंबिया नावाची प्रश्नावली साधारण अशीच पुढे सरकते. मरावंसं वाटणं वेगळं, बेत ठरलेला असणं वेगळं. बेत असेल किंवा गेल्या तीन महिन्यांत प्रयत्न झाला असेल तर एक मिनिट एकटं सोडू नका, सरळ मेडिकलची, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याची कॅज्युअल्टी गाठा. "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. बाप तापट तर आईला बोलवा. घरातली औषधं, फवारणीचे डबे कुलपात ठेवायला सांगा. आणि "नाही" म्हणाला तरी ती बॅट विसरू नका, डॉक्टरला दाखवाच. अडलं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात, तुम्हीही लावू शकता.

वकीलकाका:
पोलीस केसच्या धाकानं घरचे लपवतात. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 115 त्यांना सांगा. उलट सिद्ध झालं नाही तर प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असंच त्यात धरलं जातं, म्हणून त्याच्यावर खटला चालत नाही.

मानेवाड्याची शिकवणीवाली:
विचारलं. बराच वेळ बोललाच नाही, मग "हो" म्हणाला. बेतही होता. त्याची आई ऑटोनं आली, आम्ही दोघी त्याला मेडिकलला घेऊन आलो. डॉक्टर आत त्याच्याशी बोलून राहिले. बाप बाहेर उभा आहे. तापला नाही. दोनदा पाणी आणायला गेला, दोन्हीदा बाटली तिकडेच विसरून आला.