मदत हवी आहे: सौर प्रकल्प पेडण्याच्या सड्यावर की सत्तरीत?

नमस्कार मंडळी. आम्ही भावंडं मिळून १ मेगावॅटचा जमिनीवरचा सौर प्रकल्प उभारायचं बघतोय. त्याला ४-५ एकर लागतात आणि गोव्यात दोन जागा हाताशी आहेत. पॅनल, इन्व्हर्टर दोन्हीकडे त्याच भावात येतील, फरक जमिनीचा.

पेडण्यात समुद्राजवळ सडा, म्हणजे खडकाळ पठार आहे. खाली जांभा, म्हणजे खांबागणिक ड्रिलिंग. वर खारा वारा, म्हणून लोखंडाला जाड गॅल्वनायझिंग, म्हणजे जस्ताचा थर. सत्तरीत माती मऊ, पण उतार सपाट करावा लागेल, पावसाचं पाणी वळवावं लागेल, शिवाय वीजजोडणी लांब. मला खरी धास्ती त्या लाइनचीच आहे. तिचा खर्च किलोमीटरवर ठरतो. राजस्थानात भडल्याच्या सौर पार्कात तो २,२४५ मेगावॅटवर वाटला जातो, आमच्या एका मेगावॅटला सगळा सोसावा लागणार. म्हणून तिथले दर इथे धरवत नाहीत.

गोव्यात किंवा सिंधुदुर्गात जांभ्यावर कोणी प्रकल्प उभारलाय का? पायाचा खर्च मातीपेक्षा किती वाढला? सबस्टेशनपासून किती अंतरापर्यंत परवडतं? आणि सनदेसाठी, म्हणजे जमीन बिगरशेती करण्याच्या परवानगीसाठी, किती वेळ धरावा? अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा, जागा पक्की करण्याआधी हे कळायला हवंय.